वीस मीटरवरची नंबरप्लेट

आमच्या गॅरेजमध्ये एकोणीस वर्षं एक गाडी होती, पण तिला गाडी म्हणायला सरकार तयार नव्हतं. खरं सांगायचं तर पहिली दहा वर्षं मीही तयार नव्हते. एका कंपनीने लोखंडी सांगाडा आणि फायबरचे भाग खोक्यांत भरून दारात आणून टाकले, सुटे भाग काढायला घेतलेली एक जुनी सिएरा मोटार मागच्या अंगणात येऊन पडली, आणि माझा नवरा विल्फ म्हणाला, "पुढच्या ईस्टरला तुला हिच्यात बसवून समुद्रावर, व्हिटबीला नेतो. माळरानावरून. टप नाही, काच नाही, नुसता वारा." त्या ईस्टरनंतर अठरा ईस्टर गेले. व्हिटबीला आम्ही दरवर्षी बसनेच गेलो, आणि दरवर्षी बसच्या खिडकीतून तो मला दाखवायचा की या वळणावर आपली गाडी कशी झोकात वळेल.

घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची म्हणजे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. प्रत्येक नटाची पावती हवी, बांधतानाचे फोटो हवेत. मग सरकारी तपासणी, आणि ती पास झाली तर नंबर. फोटो काढायचं काम माझ्याकडे होतं. सात अल्बम भरले. आमच्या लग्नाचा एक आहे, तोही अर्धाच. विल्फ साखर कारखान्यात लेथवर होता, त्यामुळे फॉर्म भरणं हेही त्याला लेथवरचंच काम वाटायचं. बारीक, सरळ, सगळी अक्षरं एका उंचीची. आणि फॉर्मवर खोटं लिहायचं नाही हा त्याचा धर्म. चर्चला मात्र तो जात नसे.

याच धर्मापायी त्याने एक चूक केली. सिएरा खोलून तिचं इंजिन आणि अ‍ॅक्सल काढून घेतल्यावर उरलेला पत्रा भंगारात गेला. त्या दिवशी विल्फने तिचं नोंदणी पुस्तक ‘गाडी मोडली’ असं लिहून परत पाठवून दिलं. फॉर्मवर तसं छापलं होतं ना! घरी गाड्या बांधणाऱ्यांच्या आमच्या क्लबातला कुठलाही शहाणा माणूस ते पुस्तक वीस वर्षं ड्रॉवरमध्ये जपून ठेवतो. कारण ते असलं तरच नव्या गाडीला जुन्या गाडीच्या वयाचा नंबर मिळतो. नसलं तर क्यू या अक्षराने सुरू होणारा नंबर. क्यूची प्लेट म्हणजे या गाडीचं मूळ माहीत नाही, वय माहीत नाही.

क्लबचा सेक्रेटरी क्लाइव्ह आमच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला, "अरे बाबा, माझ्याकडे त्याच वर्षाच्या एका सिएराचं पुस्तक पडलंय. अ‍ॅक्सल तिचा होता म्हण. कोण बघायला येतंय?"

"त्या गाडीचा नि माझ्या अ‍ॅक्सलचा काय संबंध?"

"कागदावर संबंध."

"मग कागदालाच चालवायला सांग," विल्फ म्हणाला. "डोरीन, याला आणखी चहा दे, याची अक्कल गार पडलीये."

क्लाइव्ह हसला. जाताना त्याने व्हॅनमधून क्लबचं स्टिअरिंग आणून दिलं. हे एक आमच्या लोकांचं खूळ आहे. प्रत्येकाने आपल्या गाडीसाठी हौसेने देखणं स्टिअरिंग घेऊन ठेवलेलं असतं, पण देखणं ते तपासणीत बसत नाही. म्हणून क्लबने एक जुनं, जाडजूड, रबरी, नियमात बसणारं स्टिअरिंग ठेवलंय. ज्याची तपासणी असेल त्याच्याकडे ते जातं. नंबर मिळाला की आतल्या बाजूला आपलं नाव कोरायचं आणि पुढच्याला द्यायचं. त्यावर तेवीस नावं होती. विल्फचं स्वतःचं, लाकडी कडेचं, मी त्याला पासष्टाव्या वाढदिवसाला दिलेलं, खाकी कागदात गुंडाळून कपाटावर होतं. नंबर मिळेपर्यंत उघडायचं नाही असं त्याने ठरवलं होतं.

आता जे सांगायचं ते सांगते. विल्फला नीट दिसत नव्हतं आणि ते मला दोन वर्षांपासून माहीत होतं.

कोंबडी दाणा बघताना मान तिरकी करते ना, तसा तो पेपर बघायला लागला होता. मधलं दिसत नाही म्हणून कडेने बघायचं. चहा ओतताना बोट कपाच्या आत धरायचा. गॅरेजमध्ये एखादा वेल्ड झाला की मला विचारायचा, "फोटोत कसा दिसतोय गं?" आणि अंगठा फिरवून आपलाच निकाल द्यायचा. चष्मेवाल्याकडची वेळ मी तीनदा घेतली, तिन्हीदा त्याने मोडली. मी जोर केला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मला वाटलं, गाडी होऊ दे, एकदाच व्हिटबी होऊ दे, मग सांगू. मी त्याची बायको आहे, तेव्हा हे पाप अर्धं माझं आहे आणि मी ते कुणावर ढकलत नाही.

तपासणीला क्लाइव्हने गाडी ट्रेलरवर घालून नेली. तपासनीस तरुण होता, हातात फळी आणि कागद. माणसाला लागेल अशी एकही धारदार कड गाडीला चालत नाही, म्हणून तो एक छोटं गोल माप घेऊन कडाकडांवरून फिरला. तासभर फिरला. शेवटी उठून म्हणाला, "काका, सहा वर्षं हे काम करतोय. इतक्या गुळगुळीत कडा मी पाहिल्या नाहीत." विल्फ लाजला. लग्नापासून मी त्याला लाजताना पाहिलं नव्हतं. मला ठाऊक होतं त्या कडा कशा झाल्या ते. त्या बोटांनी बघितल्या होत्या.

आणि मग गाडी नापास झाली. डावा दिवा झाडांच्या शेंड्यांवर प्रकाश टाकत होता. धुक्यात लावायचा मागचा दिवा लागला की डॅशवर एक पिवळी खूण लागायला हवी, ती लागत नव्हती.

"लागलीये की," विल्फ म्हणाला.

"नाही लागलेली, काका."

"मी काय आंधळा आहे का? डोरीन, सांग त्याला."

मी बघितलं. खूण काळीच होती. "ऊन आहे ना," मी म्हणाले, "उन्हात कळत नाही." तपासनिसाने माझ्याकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं. आकाश गच्च भरलेलं होतं. त्याने कागदावर फुली मारली.

दुसऱ्या खेपेला दिवे क्लाइव्हने नीट करून दिले आणि गाडी पास झाली. सहा आठवड्यांनी पाकीट आलं. क्यू, सहा एक चार, मग तीन अक्षरं. विल्फने कागद हातात धरला, आणि मी मोठ्याने वाचून दाखवल्यावर म्हणाला, "मूळ माहीत नाही म्हणे. तिच्या एकेका बोल्टचा बाप मला माहीत आहे." तरी कागद त्याने खिशात ठेवला, आणि आठवडाभर तो खिशातच होता. दर जेवणाला मला विचारायचा, शेवटची अक्षरं कुठली म्हणालीस?

त्याच आठवड्यात त्याला सत्तर वर्षं पूर्ण होणार होती, म्हणून त्याच्या लायसनचाही फॉर्म आला होता. सत्तरीला ते नवं करून घ्यावं लागतं. डॉक्टर नको, काही नको. फक्त वीस मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते असं स्वतःच लिहून द्यायचं आणि सही करायची. फॉर्म मी पावाच्या डब्याखाली ठेवून दिला. त्याने दोन दिवसांत शोधून काढला.

शनिवारी सकाळी त्याने पांढरी प्लेट पुढे लावली आणि गाडी ढकलून गॅरेजच्या तोंडाशी आणली. मग मेजपट्टी काढली. मला बंपरपाशी टोक धरायला लावलं आणि स्वतः मागे मागे फाटकापर्यंत गेला. वीस मीटरवर खडूने रेघ मारली. हा माणूस वीस मीटर अंदाजाने मोजणाऱ्यांतला नाही.

रेघेवर उभं राहून त्याने मान तिरकी केली आणि सगळा नंबर घडाघडा म्हटला. एकही अक्षर चुकलं नाही.

"बघ!" मी ओरडले. "वाचलास की! चल, आत जाऊन सही कर. उद्याच व्हिटबी."

तो जागचा हलला नाही. तेवढ्यात क्लाइव्हची व्हॅन गल्लीत शिरली. तो क्लबचं स्टिअरिंग न्यायला आला होता; पुढचा माणूस तीन आठवडे वाट बघत होता. त्याची व्हॅन नवी होती, महिनाभरापूर्वीच घेतलेली.

"तिथेच थांब, क्लाइव्ह! आणखी मागे घे. बस. उतरू नकोस."

विल्फने मेजपट्टी पुन्हा ओढली आणि दुसरी रेघ मारली. उभा राहिला. मान डावीकडे, मान उजवीकडे. मी मनात त्या व्हॅनचा नंबर म्हणत होते, जसा काही तो माझ्या मनातून त्याच्या डोळ्यांत जाणार होता.

"प्लेट आहे ना तिला?" तो म्हणाला.

क्लाइव्ह उतरला. त्याला कळलं. एरवी बडबड्या माणूस, पण त्या वेळी त्याने टोपी काढली.

"आपली पाठ केली होती," विल्फ मला म्हणाला. "आठवडाभर. तुझ्याकडून ऐकून."

"मग काय झालं!" मी म्हणाले, आणि माझा तोल गेला. "एकदाच जायचंय. बुधवारी रस्ता मोकळा असतो. मी बाजूला बसून सांगेन ना, डावीकडे, उजवीकडे. कर की सही! एकोणीस वर्षं मी या गॅरेजच्या दाराशी उभी आहे, विल्फ. माझ्यासाठी एक खोटं लिहिता येत नाही तुला?"

"पुढे कुणी सायकलवर असलं तर?"

मी रडले. रडताना रागच जास्त होता, त्याच्यावर आणि डोळ्यांवर आणि त्या ड्रॉवरमध्ये न ठेवलेल्या पुस्तकावरसुद्धा.

क्लाइव्ह खाकरून म्हणाला, "मी चालवतो ना. नेतो तुम्हा दोघांना."

"सीट दोनच आहेत, गाढवा," विल्फ म्हणाला. "डोरीनला ने."

"मी नाही जायची," मी म्हणाले. आणि नाहीच गेले. स्वतः चालवायला मी कधी शिकले नाही, आणि क्लाइव्हच्या शेजारी बसून व्हिटबी बघायची म्हणजे वेगळीच व्हिटबी.

विल्फने गाडीत बसून क्लबचं स्टिअरिंग काढलं. त्याला पाना शोधावा लागला नाही. मग ते मांडीवर उपडं धरून, बोटांनी मोकळी जागा चाचपून त्याने खिळ्याने आपलं नाव कोरलं. चोविसावं. "नंबर मिळाला की कोरायचं असतं," तो क्लाइव्हला म्हणाला. "नंबर मिळालाय." क्लाइव्ह स्टिअरिंग घेऊन गेला. गाडी ढकलून आत घेताना सरळ जाईना, कारण तिला वळवायला काही उरलं नव्हतं. लाकडी स्टिअरिंग कपाटावरून काढू का, असं मी विचारलं नाही आणि त्यानेही म्हटलं नाही.

दुपारी तो टेबलाशी बसला. लायसन परत करायचा कागद मला वाचायला लावला. नाव, पत्ता, जन्मतारीख मी लिहिली. आमच्या घरातला माझ्या हाताने भरलेला तो पहिला फॉर्म. कारणाच्या ओळीत काय लिहू म्हणून विचारलं.

"जे आहे ते लिही. नजर."

मी लिहिलं. त्याने पेन मागितलं.

"सही कुठे करायची ते दाखव."

मी त्याचं बोट धरून चौकटीच्या डाव्या कडेवर ठेवलं. त्याने सावकाश सही केली, लेथवर चालावा तसा हात चालवत, आणि पेन खाली ठेवलं.

"चौकटीत बसली का?"

"बसली," मी म्हणाले.

सही चौकटीच्या बाहेर, खाली छापलेल्या ओळींवर गेली होती. मी कागदाची घडी घालून पाकिटात भरला.