उचलली की थांबायचं

आमच्या बाबांचा राग नाकावर असतो हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, आणि माझं तोंड फटकळ आहे हेही. त्यामुळे आमच्या दुकानात केस कापायला येणारा माणूस एक तर आमच्यासारखाच असतो, नाही तर बहिरा. पुढे दुकान, मागे आमच्या राहायच्या खोल्या. पुरुषांची दाढी-कटिंग बाबांकडे, बायकांचे केस माझ्याकडे. खिडकीखालची खुर्ची मात्र कुणालाच द्यायची नाही, कारण तिच्याखाली पावडर झोपायची.

पावडर म्हणजे आमची कुत्री. अंगाने करडी, तोंड तेवढं पांढरं, दाढीनंतर कुणी सैल हाताने पावडर थापावी तसं. एका गिऱ्हाइकाने ती आमच्या दारात आणून बांधली. घर बदलतोय, चार दिवस ठेवा म्हणाला, आणि जो गेला तो गेलाच. मेल्याने जाताना वर ऐकवलं होतं की कुत्री ट्रेनरकडून शिकवून आणलेली आहे, एकदम शिस्तीत राहते. शिस्त कसली डोंबलाची! गळ्यात टोचणारी साखळी, आणि साखळीखाली केस गेलेले. बाबांनी टॉवेल झटकायला हात वर केला की ती जागच्या जागी मुतायची आणि त्या ओल्यातच चपटी होऊन पडायची. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही. गुरगुरायचं नाही, एवढं मात्र तिला कुणीतरी चांगलंच मारून शिकवलं होतं.

तिला तसं पडलेलं बघून खुर्चीतल्या एका जाड्याने सल्ला दिला की दोन दणके दिल्याशिवाय कुत्र्याला मालक कोण ते कळत नाही. बाबांनी त्याच्या गळ्याचं कापड सोडलं आणि त्याला अर्ध्या दाढीनिशी बाहेर काढलं. तो कितीतरी वेळ फुटपाथवर उभा होता, एका गालाला साबण तसाच. मी हसून हसून बेजार झाले. बाबा हसले नाहीत. ते खाली बसून फरशी पुसत होते.

मग जनावरांच्या डॉक्टरबाई आल्या. वयाने माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी पावडरला टेबलावर घ्या, धरा, दाबा असलं काही सांगितलंच नाही. स्वतःच आमच्या केसाळ फरशीवर मांडी घालून बसल्या, तिच्याकडे न बघता बराच वेळ आमच्याशीच गप्पा मारल्या, आणि जाताना बाबांना एक काम देऊन गेल्या. रोज तिच्यासमोर तळवा धरायचा. तिने आपणहून त्यावर हनुवटी टेकवली तर खाऊ द्यायचा. हळूहळू तेवढ्या वेळात कान बघायचा, पंजा धरायचा, कधीतरी नख कापायचं. पण हनुवटी हातात आहे तोवरच.

"तिने उचलली की थांबायचं, काका," बाई म्हणाल्या. "लगेच. काम अर्धवट राहिलं तरी चालेल. ती हनुवटी म्हणजे तिचं 'हो' आणि तिचं 'नाही'. एकदा जरी तिचं 'नाही' ऐकलं नाहीत, तर ती परत विश्वास ठेवायची नाही."

मला वाटलं, आता बाबा बाईंनाही बाहेर काढणार. पण त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, अहो, हे तर आमचंच काम! वस्तरा गळ्यावर असताना गिऱ्हाइकाने हनुवटी जरा हलवली की आमचा हात आधी हवेत, मग काय झालं ते विचारायचं. त्यांचे वडील त्यांना हेच शिकवून गेले होते. ज्याला थांबता येत नाही त्याने वस्तरा हातात धरू नये, असं ते म्हणायचे म्हणे.

झालं. त्या दिवसापासून बाबांना दुसरं काही सुचेना. मला कधी पोळी वाढतील तर शपथ, पण पावडरसाठी अंडं स्वतः उकडायचे, त्याचे बारीक तुकडे करायचे. पहिल्यांदा तिने हनुवटी टेकवली तेव्हा बाबांनी मला खुणेने बोलावलं, हात तसाच ठेवून. श्वास रोखून बसले होते. मग एकेक नख करत पुढे गेले. कधी एका नखाला आठवडा लागायचा, कारण बाईसाहेबांनी हनुवटी उचलली की हे नेलकटर खाली ठेवायचे आणि "बरं बाई, उद्या" म्हणून उठायचे. मी चिडवायचे की बाबा, एवढं आईचं ऐकलं असतंत तर ती तुम्हाला सोडून माहेरी गेली नसती. त्यावर ते म्हणायचे, खरं आहे तुझं.

घरातला आवाज खाली आला. आवाज चढला की पावडर खुर्चीखाली जायची, म्हणून आम्ही बापलेक भांडायचोही कुजबुजत. गिऱ्हाइकांना वाटायचं, यांच्यात काहीतरी गुपित शिजतंय. आणि ती काय खुलली म्हणून सांगू! दार वाजलं की बेधडक भुंकायची. एकदा तर बाबांवर गुरगुरली, कानाला हात लावला म्हणून. बाबांनी हात मागे घेतला आणि सगळ्या दुकानाला पेढे वाटल्यासारख्या आनंदाने सांगत सुटले की आमची पोरगी गुरगुरली. तिला इंजेक्शन द्यायचं असलं तरी पट्टा नाही, तोंडाला जाळी नाही. बाबांच्या हातात हनुवटी, मागे डॉक्टरबाई, आणि काम फत्ते. दवाखान्यातले लोक बघत उभे राहायचे. बाबांची छाती फुगायची. अशी कितीतरी वर्षं गेली आणि या सगळ्या वर्षांत तिचं 'नाही' आम्ही एकदाही डावललं नाही.

मग तिच्या खालच्या जबड्याला गाठ आली. आधी वाटलं, काहीतरी चावलं असेल. पण ती दगडासारखी कडक होती आणि वाढत होती. डॉक्टरबाईंनी एक्स-रे काढले, आम्हाला बसवून सगळं नीट सांगितलं. हाडाचा रोग, छातीत उतरलेला, कापून उपयोग नाही. दुखणं कमी करायची औषधं देऊ, म्हणाल्या, आणि ती पुरेनाशी झाली की मी घरी येईन, तिला तिच्या जागेवरच कायमचं झोपवू. बाबा घरी आल्यावर म्हणाले, बघू. तिला विचारू.

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणतायत. मरणाचंही हो-नाही ते तिच्या हनुवटीवर सोडणार होते.

औषधं पुरेनाशी झाली. पाण्याच्या भांड्यात लाल धागे दिसायला लागले. अंडं कुस्करून दिलं तरी ती हुंगायची, आमच्याकडे बघायची आणि तोंड बाजूला करायची. कुशीवर झोपता येईना, म्हणून बसल्या बसल्या डुलक्या काढायची आणि मान खाली गेली की दचकून जागी व्हायची. मी बाबांना न विचारता फोन केला. डॉक्टरबाई दुपारी दुकान बंद असताना आल्या. बाबांनी नेहमीसारखा तळवा पुढे धरला. पावडरने हनुवटी टेकवली आणि लगेच उचलली.

"नाही म्हणतेय," बाबा म्हणाले.

बाई हळूच म्हणाल्या, काका, जबडा दुखतोय म्हणूनही उचलत असेल. बाबांनी त्यांच्याकडे असं बघितलं की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्हीच शिकवलंत ना, म्हणाले, उचलली की थांबायचं म्हणून? मग आता सोयीचं नाही तर नियम बदलायचा? बाईंनी औषध वाढवून दिलं, बॅग उचलली आणि परत कधीही बोलवा म्हणून गेल्या.

त्यांची पाठ वळताच बाबांनी अंडं उकडायला ठेवलं. शीळ घालत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, बाबा, तिला नखं कापू का एवढं कळतं, मरू का हे कसं कळणार? ते म्हणाले, तुला नाही कळत म्हणून तिलाही कळत नाही असं समजू नकोस. आम्ही पुन्हा कुजबुजत भांडलो, पण या वेळी पावडर खुर्चीखाली गेली नाही. खाली वाकायचंच तिला जमत नव्हतं. पुढल्या आठवड्यात डॉक्टरबाई परत आल्या आणि परत तेच झालं. टेकवली, उचलली. बाबा म्हणाले, बघा, जगायचंय तिला.

रागावू तरी किती त्यांच्यावर? मलाही तेच हवं होतं. सकाळी उठून ती बसलेली दिसली की मलाही हायसं वाटायचं, आणि मग तिचे डोळे बघून स्वतःची लाज वाटायची.

एका सकाळी शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर दाढीला आले. गाल सुजलेला, बोलताना तोंड वाकडं. हिरडीत पू झालाय म्हणाले, पण दुपारी फोटो काढायचाय, दाढी हवीच. बाबांनी साबण लावला आणि डाव्या हाताने हनुवटी धरून वर केली. मास्तरांनी झटकन मान मागे घेतली. बाबांचा वस्तरा सवयीने हवेत. राहू द्या मग, म्हणाले, नको तर नको. दुखणं उतरलं की या.

"नको कुठे म्हणतोय?" मास्तर कळवळून म्हणाले. "करा की दाढी. तुमचा तो हात तेवढा काढा. हात लावलात की जीव जातोय माझा."

बाबा वस्तरा धरून तसेच उभे राहिले. मास्तरांनी आरशातून माझ्याकडे बघितलं, यांना काय झालं म्हणून. बाबांनी वस्तरा मिटला, खणात ठेवला आणि मागच्या खोलीत गेले. मास्तरांची दाढी मीच उरकली, हात न लावता, जमेल तशी. 

मागे गेले तर बाबा पावडरसमोर जमिनीवर बसले होते. खुर्चीखाली जाणं सुटल्यापासून ती इथेच असायची, आत्ताही भिंतीला टेकून डुलकी काढत होती. लाळ गळत होती.

"किती दिवस सांगत होती ग मला, दुखतंय म्हणून," बाबा म्हणाले. "आणि मी ऐकत होतो की जगायचंय. मला जे ऐकायचं होतं तेच ऐकत बसलो."

मी बाबांना रडताना कधी बघितलं नव्हतं. आई घर सोडून गेली तेव्हाही नाही. मला त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण आमच्यात तशी पद्धत नाही, म्हणून मी नुसतीच शेजारी बसले आणि फोन लावला.

डॉक्टरबाई लगेच आल्या. म्हणाल्या, आज तळवा पुढे करायचाच नाही. काका, तुम्ही नुसते तिच्याजवळ बसा, पाठीवरून हात फिरवा. आधी गुंगीचं इंजेक्शन मागून मांडीत देते, ती झोपली की दुसरं. आज तिला विचारायचं नाही. हा निर्णय आपला आहे, तो तिच्यावर नको. बाबांनी मान हलवली. दोन्ही हात स्वतःच्या मांडीखाली घालून बसले, चुकून पुढे जाऊ नयेत म्हणून.

पण पावडरला कोण सांगणार? तिने डॉक्टरबाईंची बॅग बघितली, बाई मागे गेलेल्या बघितल्या, आणि तिला वाटलं, आता आपलं काम. ती लटपटत उठली. बाबांसमोर येऊन उभी राहिली आणि त्यांच्या कोपरावर नाक लावून हात शोधायला लागली. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार होते? शेवटी त्यांच्याने राहवेना. त्यांनी हात बाहेर काढला, तळवा वर केला, आणि तिने सुजलेला जबडा त्यात ठेवला. दुखलं. तिने उचलला.

मागे डॉक्टरबाईंचा हात थांबला. इतक्या वर्षांची सवय. मीही थांबले.

"थांबू नका, बाई," बाबा म्हणाले.

बाईंनी सुई पुन्हा मांडीवर धरली. पावडर मात्र सैल झाली होती. उचलली की थांबतात हे तिला पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे तिने अंग सोडलं, शेपूट जरा हलवली आणि खाऊसाठी बाबांच्या दुसऱ्या हाताकडे बघितलं. सुई गेली तेव्हा ती दचकली. मागे वळून तिने बाईंकडे बघितलं नाही, बाबांकडेच बघितलं. पळाली नाही, गुरगुरलीही नाही. परत हनुवटी त्यांच्या हातावर टेकवली आणि परत उचलली, यांना मघाशी दिसलं नसेल म्हणून पुन्हा सांगावं तशी.

"बघितलं ग," बाबा म्हणाले. "बघितलं मी."

मग गुंगी चढली आणि ती त्यांच्या मांडीवर कलंडली. पुढचं सगळं लवकर झालं. डॉक्टरबाई रडत होत्या, मी रडत होते. बाबा रडत नव्हते. त्यांचा तळवा तसाच वर होता आणि आता तिचं डोकं त्यात होतं, जड. बाई म्हणाल्या, काका, झालं, हात काढलात तरी चालेल.

बाबा म्हणाले, ती उचलेल तेव्हा काढेन.