पाहणीला नटलेला पूल

अंबरनाथ संपल्यावर आणि बदलापूर सुरू व्हायच्या आधी, नाल्यापलीकडे एक वस्ती आहे. ती कुणाच्या हद्दीत येते हे निवडणुकीत सगळ्यांना पाठ असतं. एरवी त्यावर वाद आहे. वस्तीच्या पुलाला भगदाड पडलं तेव्हा हा वाद अर्थातच रंगात आला.

भगदाड रिक्षाचं चाक सहज गिळेल एवढं होतं. त्यामुळे चेतन रिक्षावाला पुलाच्या अलीकडेच थांबायचा. पलीकडे घरात हिंदुरावांची बायको शीला. तिचं डायलिसिस उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, आठवड्यातून दोनदा. चालणं संपलेलं. मग तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचं, चौघांनी खुर्ची उचलायची आणि भगदाडाच्या कडेकडेनं पूल ओलांडायचा. हिंदुरावांचं मागणं एवढंच होतं, की रिक्षा दारात यावी.

पुलाचा विषय पालिकेच्या सभागृहात आला त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून प्रेक्षकांत जाऊन बसले. चर्चा उत्तम झाली. विरोधक म्हणाले, पूल पडला हा भ्रष्टाचार. सत्ताधारी म्हणाले, पूल पडलेला नाही, त्याला फक्त भोक आहे. नगरसेवक प्रमोदभाऊंनी मूळ मुद्द्यालाच हात घातला. "दुरुस्तीला फीत कुठं बांधणार? त्यापेक्षा वस्तीच्या तोंडाशी स्वागत कमान करू. लांबून दिसते." शेवटी असं ठरलं, की आधी अभियंता मॅडम पाहणी करतील. पूल खरंच नादुरुस्त असेल तर दुरुस्ती, नाहीतर तो पैसा कमानीला.

हिंदुराव पेढे घेऊनच घरी आले. भगदाड काय कुठं पळून जाणार होतं?

पाहणीच्या आदल्या संध्याकाळी महिला मंडळाच्या मोतीबाई झाडू मागायला हिंदुरावांच्या दारात उभ्या. "भावजी, उद्या मॅडम यायच्या, आणि पुलावर ही घाण? लोक काय म्हणतील?"

झाडलोट झाली. झाडल्यावर भगदाड जास्तच उघडं दिसायला लागलं. "बाईमाणूस आहे," मोतीबाई म्हणाल्या, "पाय गेला आत म्हणजे?"

"अहो, पण तेच तर दाखवायचंय," हिंदुराव म्हणाले.

"फोटो आहेत ना मोबाईलमध्ये! फोटो दाखवू. पाहुण्याला काय खड्ड्यात घालायचं?"

हिंदुरावांची सगळी नोकरी कंपनीत गेलेली. साहेब येणार म्हटलं की तिथं गंजलेल्या मशीनलासुद्धा रंग फासायचे. हाताला वळण तेच. ते घरात गेले आणि ओटा बांधून उरलेलं सिमेंट घेऊन आले. पोरांनी भगदाडात दगड आणि गोणपाट कोंबलं, वर सिमेंट थापलं. कठड्याला चुना, दोन्ही टोकांना झेंडूचं तोरण. शीला खिडकीतून म्हणाली, "रांगोळी काढा गं कुणीतरी. बोडकं दिसतंय."

दुसऱ्या दिवशी मॅडमची गाडी पुलावरून थेट हिंदुरावांच्या दारात आली. ज्या वाटेनं रिक्षा यावी म्हणून एवढा खटाटोप, ती वाट पहिल्यांदा मॅडमच्या गाडीनंच वापरली.

"भगदाड कुठंय?" मॅडमनी विचारलं.

"तुम्ही आलात त्याच्यावरूनच," मोतीबाई कौतुकानं म्हणाल्या. "कळलंसुद्धा नाही ना?"

हिंदुरावांनी घाईघाईनं फोटो दाखवले.

"काका, हे जुने फोटो. मी डोळ्यांना दिसतं ते लिहिते." त्यांनी 'सुस्थितीत' असं लिहिलं. चहा चांगला झाला होता, असंही म्हणाल्या.

कमान उभी राहिली. उद्घाटनाला प्रमोदभाऊंनी लोकसहभागातून पूल नीट केल्याबद्दल हिंदुरावांचा शाल देऊन सत्कार केला. टाळ्या थांबायच्या आत फोटो काढून झाला. पंधरवड्यातच पाण्याच्या टँकरखाली ठिगळ खचलं आणि सोबत कठडाही गेला. या वेळी मात्र कारवाईला उशीर झाला नाही. पुलाच्या दोन्ही तोंडांना पत्रे ठोकून पूल बंद झाला, आणि विनापरवाना दुरुस्ती करून सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान केल्याची नोटीस हिंदुरावांना आली. सत्काराच्या यादीतून पत्ता आयताच मिळाला होता.

माणसांनी पत्र्याची कड वाकवून वाट केली. त्या फटीतून नेताना खुर्ची तिरपी करावी लागते आणि शीला घसरते. म्हणून तिला खुर्चीला बांधतात. बांधायला सत्काराची शाल बरी पडते, लांबीला पुरते.

त्या दिवशी असंच बांधणं चाललं होतं. पलीकडे चेतन हॉर्न वाजवत होता. एवढ्यात मोतीबाई हिंदुरावांच्या घरातून झाडू घेऊन लगबगीनं आल्या.

"भावजी, ऐकलंत का? उद्या मॅडम परत येतायत, फेरपाहणीला! हे पत्रे किती कळकट झालेत बघा. पटकन पुसून..."

हिंदुरावांनी गाठ मारली. मग शांतपणे मोतीबाईंच्या हातातला झाडू घेतला आणि नाल्यात भिरकावला.

चौघांनी खुर्ची उचलली. भगदाडापाशी आल्यावर शीलानं मान वळवून खाली पाण्यात पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "तो आपला होता. नवाच होता."