अस्वल नसलेली गोष्ट

रायपूरच्या गोल बाजारात माझं भांड्यांचं दुकान होतं, तेव्हा एक अस्वल मधासाठी पितळी डबा घ्यायला आलं होतं. झाकण सैल आहे म्हणून त्यानं भाव पाडून घेतला आणि जाताना एका बाईला धक्का लागला तर माफीही मागितली. पुरानी बस्तीत ही गोष्ट पोरासोरांना पाठ आहे. मी काहीही सांगायला लागलो की त्यात कुठंतरी ते अस्वल येतंच, आणि ते आलं की ऐकणारे निवांत होतात. माझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही, ही माझी आयुष्यभराची कमाई.

माझा दोस्त देवीदास मालगाडीचा गार्ड होता. रिटायर झाल्यावर त्याच्या फुप्फुसात गाठ निघाली. किमो झाली, गाठ हलेना. तेव्हा डॉक्टर निवेदितानं त्याला अजून चाचणीत असलेल्या एका नव्या औषधासाठी निवडलं. समजावून सांगत होती तेव्हा मी बाजूलाच बसलो होतो.

"काका, रक्तात पहारा देणाऱ्या पेशी असतात. त्यांच्या अंगावर बाहेरून रिसेप्टर असतात, खूण ओळखायला. तुमची गाठ त्यातल्या एकाला हात लावते, आणि पहारेकऱ्याला वाटतं, हे तर आपलंच माणूस. हे औषध आधीच जाऊन त्या रिसेप्टरवर बसतं."

"म्हणजे गाठ हिरवी झंडी दाखवून निघून जात होती," देवीदास म्हणाला. "आता झंडी कोणी पाहणारच नाही."

"बरोबर. पण मग कधी कधी आपलीच गाडी अडवली जाते. पहारेकरी आतड्यावर चालून जातात. जुलाब लागले तर त्याच दिवशी फोन करा. औषध थांबवावं लागेल. पण लपवलं तर आतडं फाटू शकतं."

देवीदासनं मान डोलावली.

पुढच्या तपासणीत गाठ लहान झालेली दिसली. त्याच्या पोरीनं, शाळेत शिकवणाऱ्या पिंकीनं, तिथल्या सगळ्या मास्तरणींना पेढे वाटले. शेवंतावहिनी गेल्यापासून त्या घरात बाप-लेक दोघंच.

उन्हाळ्यात एका दुपारी मी गेलो, तर चहा निवेपर्यंत देवीदास बसलाच नाही. नुसता संडासात जाऊन येऊन राहिला होता. शेवटी भिंत धरून आला. डोळे खोल गेलेले.

"काय बे हे?"

"पिंकीले सांगतलं, बासी जास्त झाली." रात्रीचा पाण्यातला भात तो आवडीनं खायचा. मग आवाज खाली आणून म्हणाला, "रक्तही पडते गंगू."

"डॉक्टरीणबाईले फोन केला?"

"काहून करू? औषध बंद करतीन. पहिल्यांदा गाठ कमी झाली. परत वाढली तर पिंकीले माझ्यामागं कोण हाये?"

"मग मले काहून सांगतलं?"

तो हसला.

"कोणाले तरी सांगावं लागते ना बे. तू जाऊन बोलशीन, तर लोक विचारतीन, अस्वल कुठं हाये?"

मी बाहेर येऊन फाटकाशी उभा राहिलो. पिंकी शाळेतून स्कूटीवर आली.

"पिंकी, तुझ्या बाबाले जुलाब लागले. रक्त पडून राहिलं. बासीचं नाही ते. तुझ्यापासून लपवलं त्यानं."

"काका, आप भी ना!" ती हसत हसत हेल्मेट काढायला लागली. मग अस्वलाची वाट बघत सगळे थांबतात तशी थांबली. "फिर?"

"फिर काही नाही."

"भालू?"

"नाही."

हेल्मेट तसंच अर्धं डोक्यावर. माझ्याकडे बघता बघता तिचा चेहरा उतरला. स्कूटीची चावी न काढताच तिनं निवेदिताला फोन लावला.

दवाखान्यात स्टेरॉइड सुरू झालं, नवं औषध बंद झालं. आतडं थोडक्यात वाचलं. निवेदिता म्हणाली, हे औषध आता पुन्हा देता येणार नाही. काहींच्या पहारेकऱ्यांना एकदा चोर ओळखू आला की औषध गेल्यावरही तो लक्षात राहतो. काहींच्या नाही राहत. तुमच्या बाबतीत काय होईल, मला सांगता येत नाही.

देवीदास भिंतीकडे तोंड करून पडला होता. पिंकी त्याच्या पायावर हात ठेवून बसलेली.

"गार्ड मी," तो भिंतीला म्हणाला, "अन् लाल झंडी तू दाखवली."

"हव."

"पोरीले खरं कसं काय वाटलं?"

"अस्वल नव्हतं त्यात."

मला एरवी कुठंही गोष्ट सुचते. तिथं सुचेना.

"मग आता आण त्याले," देवीदास म्हणाला. "गाठीचं काय होते ते कळेपर्यंत मी करू काय?"

मी घसा साफ केला. म्हटलं, एका साली अस्वल बिनतिकिटाचं रायपूर स्टेशनात उतरलं. बगलेत पितळी डबा. समोर टीसी उभा.

देवीदासनं तोंड फिरवलं नाही. पण थोड्या वेळानं त्यानं विचारलं,

"कोणत्या प्लॅटफॉर्मवर?"