टाका

सोयाबीनचा भारा डोक्यावर घेऊन नंदा बांधावर आली, तेव्हा तिची धाकटी जाऊ प्रीती बाभळीच्या सावलीत पाय पसरून बसली होती. तिला आठवा सरत आलेला. नंदानं भारा मुद्दाम तिच्या पायाशी धाडकन आदळला.

"दोन काटक्या गोळा केल्या असत्यास तर काय बिघडलं असतं?"

"जड उचलू नको म्हणलंय डॉक्टरीणबाईनं. तुमच्यासमूरच की, आक्का."

समोरच म्हटलं होतं, आणि तेच तर नंदाला सलत होतं.

नंदाच्या लग्नाला बारा वर्षं झालेली. मूल नव्हतंच, त्यात पोटात गाठी निघाल्या आणि पिशवी काढून टाकली. सासू पुतळाबाई येता-जाता त्यावरून टोमणा मारायच्या. मग नव्यानं आलेल्या प्रीतीचंही पिशवीचं ऑपरेशन झालं आणि, खोटं कशाला सांगा, नंदाला मनातून बरं वाटलं. तिला वाटलं, हिचीही पिशवी गेली, आता घरात आपण एकट्याच वांझ नाही. महिनाभर तिनं प्रीतीला चुलीपुढं येऊ दिलं नाही. खीर करून घातली, केस विंचरले. एवढी माया तिनं सख्ख्या बहिणीवरही केली नसेल.

आणि यंदा संक्रांत झाली न झाली तोच प्रीतीला दिवस गेले! आपल्याला भर बाजारात फसवलं, असं नंदाला झालं. दीर राजपाल ट्रकवर असायचा, म्हणून धाराशिवला तपासायला तीच सोबत गेली आणि तिथं उलगडा झाला. प्रीतीच्या पिशवीच्या तोंडावरचा खराब भाग तेवढा कापला होता, पिशवी जागच्या जागी होती. पण तोंड आखूड झालेलं. बाळाच्या वजनानं ते वेळेआधीच उघडायचं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी त्याला टाका घातला. कळा सुरू झाल्या तर आधी टाका काढायचा, नाहीतर तोंड फाटून बाई रक्तानं जाईल, असं दोघींना बजावलं. सासू जन्मभर नावं ठेवेल म्हणून प्रीतीनं नंदाला घरात यातलं काही सांगू दिलं नव्हतं.

त्या दिवशी शेतातून घरी पोचताच प्रीतीला कळा आल्या. आठव्यातल्या खोट्या कळा म्हणत पुतळाबाई ओव्याचा काढा करायला बसल्या. भिंत धरून उभी राहिलेली प्रीती घामानं निथळत होती.

"टाका... आक्का, टाका..."

"आगं नंदे, बघतीस काय? खाली टाका म्हणतीया ती. वाकळ हाथर," पुतळाबाई ओरडल्या.

नंदानं वाकळ हातात घेतली. ती अंथरली असती तर तिला कुणी बोल लावला नसता. सासूनं सांगितलं, सुनेनं ऐकलं. क्षणभर तिला ते बरंही वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच तिला भीती वाटली. प्रीती नुसती तिच्याकडं बघत होती.

नंदानं वाकळ कोपऱ्यात भिरकावली.

"आत्या, तसलं टाका न्हाय. तिच्या पिशवीच्या तोंडाला टाका घातलाय. तो काढल्याबिगर बाळ आलं तर ही जगायची न्हाय. शेजारच्या आयुबभाईला टेम्पो काढाय लावा."

कुणी घातला, कधी घातला, पुतळाबाई विचारतच राहिल्या. नंदानं प्रीतीला कमरेत धरून दारापर्यंत नेलंसुद्धा.

धाराशिवला टाका कापला आणि थोड्याच वेळात मुलगी झाली. लवकर आलेली, मूठभर जीव, म्हणून बरेच दिवस काचेच्या पेटीत ठेवली. पेटीतून बाहेर आल्यावर प्रीतीनं ती नंदापुढं धरली.

"घ्या की, आक्का."

"नगं. आजून बी लई जळतं गं मला."

"म्हाईत हाय. त्या दिशी बी जळतच हुतं की. घ्या."

नंदानं पोर घेतली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ती फारच हलकी होती.

शेजारच्या खाटेवर नव्यानं आलेल्या बाईनं विचारलं, "तुमची का वं बाळी?"

"हिची," नंदा म्हणाली, आणि पोरीवर आपला पदर ओढून घेत प्रीतीकडं जरा पाठ करून बसली.