उसाआड गेलेला डबा

मी एक डबा आहे. राउटर हे माझं खरं नाव, पण या वस्तीवर ते कुणी घेत नाही. नाथाजी डबा म्हणतात, त्यांचे दोस्त भाऊसो डबा म्हणतात, आणि वायरिंगमधलं सगळं कळतं असा या भागात ज्याचा लौकिक आहे तो ज्ञानूसुद्धा डबाच म्हणतो. म्हणू देत. माझ्या आत आता काही उरलेलं नाही, तेव्हा नाव बरोबरच आहे म्हणायचं.

माझा बांधा उन्हापावसात बाहेर राहण्यासाठी केलेला. पाठीला लोखंडी पट्टी, पोटाला एक वायर आणि पुढच्या बाजूला एक दिवा. घरातले राउटर टीव्हीशेजारी सुखात बसतात, आमच्या नशिबी छपरं आणि कावळे. मला त्याचं वाईट कधी वाटलं नाही. उंचावरून माणसं बरी दिसतात.

माझी पहिली नोकरी कुपवाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात झाली. आम्ही चौघं होतो, चार शेडवर चौघं. आमचं काम जाळ्याचं, त्याला मेश म्हणतात. एकानं निरोप घ्यायचा, दुसऱ्याकडे द्यायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. मधला एखादा बंद पडला तरी बाकीचे दुसऱ्या बाजूनं वाट काढायचे, कुणाचं काही अडायचं नाही. दुपारच्या सुट्टीत कामगार माझ्या खालीच आपापल्या मोटारसायकलींवर बसायचे. एका हातात चपाती, दुसऱ्या हातात मोबाईल. माणसाला जेवताना समोर दुसरं माणूस लागतं, मग ते काचेतलं का असेना, हे मी तिथं शिकलो. पुढं नव्या मालकांनी नवे राउटर आणले. आमच्यातले दोघं कुठं गेले देव जाणे. आम्ही दोघं एका दुरुस्तीच्या दुकानात फळीवर जाऊन पडलो आणि धूळ खात बसलो.

तिथून आम्हाला ऋषिराजनं नेलं. तो फौजी, उत्तरेकडं सरहद्दीवर असायचा, सुट्टीवर आला होता. दुकानदाराला तो जे सांगत होता ते मी फळीवरून ऐकलं, म्हणून मला कळलं की मला कशासाठी नेतायत.

त्याच्या आईच्या, मनुबाईंच्या, अंगावरून वारं गेलं होतं. सांगलीच्या दवाखान्यातून त्या घरी आल्या, पण उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं आणि वाचा गेली. कान शाबूत, समज शाबूत, फक्त शब्द नाही. आता मुक्या माणसाशी फोनवर काय बोलणार? पलीकडून नुसता श्वास ऐकू येणार. पोराला आईशी बोलायचं तर ती समोर दिसायला हवी होती. आणि यांची वस्ती आष्ट्याच्या अलीकडं ओढ्याकाठी, खोलगटात. तिथं मोबाईलला रेंज अशी नाहीच. फोन करायला त्याच्या वडलांना, नाथाजींना, उसाच्या रानातून चालत रस्त्याकडेच्या भाऊसोंच्या घरी जावं लागायचं. मनुबाईंना तिकडं न्यायला भाऊसो एकदा ट्रॅक्टर घेऊन आले, तर बाईंनी डाव्या हातानं खाटेची कड धरून ठेवली. वाकडं तोंड घेऊन चारचौघांत जायचं नाही म्हणजे नाही.

भाऊसोंच्या घरात इंटरनेटची लाईन आलेली होती. ती हवेतून वस्तीवर आणायची, एवढ्यासाठी आम्ही दोघं भाऊ पुन्हा कामाला लागलो.

ऋषिराजनं मनापासून काम केलं हे मला कबूल केलं पाहिजे. आधी आम्हा दोघांना भाऊसोंच्या सोप्यात शेजारी शेजारी ठेवलं, मोबाईलवरच्या ॲपमधून आमची एकमेकांशी ओळख करून दिली. भावाचं नाव ठेवलं ‘रस्ता’, माझं ‘वस्ती’. दोघांना एकच पासवर्ड दिला. तो त्यानं कुणाला सांगितला नाही. पलटणीत त्याला तसंच शिकवलेलं. भाऊसो म्हणाले, “आमाला सांगून ठेव की गड्या, लागला तर?” तो हसून म्हणाला, “नाना, पासवर्ड सांगायची चीज न्हाई.” भाऊसोंना त्या उत्तराचं कौतुकच वाटलं.

मग ‘रस्ता’ भाऊसोंच्या छपरावर बसला आणि मला नाथाजींच्या पत्र्यावर आणलं. ऊस नुकताच तुटून गेला होता. दोन घरांच्या मधे नाथाजींचं रान उघडं पडलं होतं, बुडखे आणि पाचट, बाकी काही नाही. भाऊसोंच्या दारातली शेळीसुद्धा दिसत होती. ऋषिराजनं चांगला लांब पाइप आणला होता. नाथाजी खाली उभे राहून बघत होते.

“एवढा उच्च कशाला रं? वाऱ्यानं पत्रा उचकटंल.”

“आबा, उंच असलेला बरा.”

“आरं समोर तर समदं दिसतंय. निम्मा काप. उरलेला गोठ्याला व्हईल.”

ऋषिराजनं एकदा समोर बघितलं. खरंच सगळं दिसत होतं. त्यानं पाइप निम्मा कापला.

ज्यांच्या घरात तीन पिढ्या ऊसच पिकला, ज्यांना नुसत्या पानाच्या रंगावरून खत कमी पडलंय हे कळतं, त्या बाप-लेकांना ऊस वाढतो हे त्या दिवशी आठवलं नाही. मला तेव्हा तरी कुठं कळत होतं! कुपवाडला मी गंजलेले पत्रे सोडून काही उगवताना बघितलं नव्हतं.

ऋषिराजनं मला इंचाइंचानं फिरवलं. दिवा लाल होता, मग पिवळा, आणि एका जागी हिरवा लागला. त्यानं क्लॅम्प आवळला आणि शिडीवरूनच ओरडला, “आई, लागलं बघ!” अंगणात खाटेवर बसलेल्या मनुबाईंनी डावा हात वर केला.

पुढचे काही महिने माझ्या आयुष्यातले सुखाचे. ऋषिराज ड्यूटीवर गेला आणि संध्याकाळी त्याचा फोन येऊ लागला. नाथाजी मोबाईल मनुबाईंच्या मांडीवर उशीला टेकवून ठेवायचे. फोनच्या आधी बाई डाव्या हातानं कुंकू लावून घ्यायच्या, ते बरेचदा कपाळाच्या एका बाजूला जायचं. दोघांची एक बोली तयार झाली होती. तो विचारायचा, “जेवलीस?” आणि थांबायचा. त्या बोटं दाखवायच्या. तो म्हणायचा, “दोन भाकरी? लय झाल्या की!” त्या हसायच्या. तो विचारायचा, “आबा भांडत्यात का?” आणि पुन्हा थांबायचा. त्या हात असा काही उडवायच्या की नाथाजी रागानं उठून जायचे. घाई त्याला कधी नसायची. हे सगळं माझ्यातून जात होतं. मी कुपवाडला हजार माणसांचे निरोप वाहिले, पण एका हाताच्या बोटांसाठी आपण टांगलेलो आहोत, हा मान मला आधी मिळाला नव्हता.

आणि इकडं खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटलेला नवा ऊस, वाढत होता.

त्याला पाणी मिळालं, बुडाला मातीची भरणी झाली, खताचे डोस पडले. नाथाजी त्याच्यावर पोटच्या पोरासारखी माया करत होते. पावसाळ्यात तो माणसाच्या डोक्यावर गेला. मला आधी भाऊसोंचं दार दिसेनासं झालं, मग खिडक्या, मग छपराची कड. ‘रस्ता’चा आवाज मला तुटक येऊ लागला. उसाची पानं पाणी पिऊन जड झालेली असतात, आमचा निरोप ती गिळून टाकतात. कुपवाडला असतो तर मी तिसऱ्याकडून वाट काढली असती. इथं आम्ही दोघंच. दोघांच्या जाळ्याला वाट एकच असते, आणि त्याच वाटेवर या घरानं आपल्या हातानं भिंत वाढवली होती.

ऋषिराजचा चेहरा तुकड्यातुकड्यांनी येऊ लागला. नाथाजी आधी ढगांना बोल लावत राहिले, मग भाऊसोंच्या लाईनला. शेवटी सगळं माझ्यावर आलं. “जुना माल, दुसरं काय!” माझ्याकडे बोलायला फक्त एक दिवा. मी तो पिवळा केला, लाल केला. त्यातून काय सांगणार?

एका माणसाला मात्र कळलं होतं. मनुबाई दिवसभर अंगणात बसून समोर बघत असायच्या. भाऊसोंच्या छपरावरचा पांढरा ठिपका, म्हणजे माझा भाऊ, उसाआड गेला आणि लेकाचं चित्र तुटू लागलं, हे त्यांनी बरोबर जोडलं. त्यांनी नाथाजींचा सदरा ओढला, उसाकडं बोट केलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा उसाकडं.

“ऊस खायाचा व्हय?” नाथाजी म्हणाले. त्यांना केवढा आनंद झाला! बाई आपण होऊन काही मागतायत, हे किती दिवसांनी घडत होतं. दात नाहीत म्हणून ते आष्ट्यावरून रस घेऊन आले, आलं-लिंबू घालून. मनुबाईंनी तो ग्लास लोटून दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा बोट केलं. पुन्हा रस आला. तिसऱ्या खेपेला त्यांनी तो मुकाट्यानं पिऊन टाकला, आणि पिताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. नाथाजी भाऊसोंना सांगत होते, “रस लय आवडतोय तिला.”

तेव्हा मला स्वतःची जेवढी चीड आली तेवढी कधी आली नव्हती. आम्ही दोघंच मुके, आणि दोघांनाच ठाऊक. एकदा फोन लागलाही. मनुबाईंनी घाईघाईनं हात उचलला, पण बोट उसाकडं वळायच्या आत चित्र गोठलं. ऋषिराजला दिसला तो नुसता वर झालेला हात. त्याला वाटलं, आई आशीर्वाद देतेय. त्यानं तिथूनच हात जोडले.

मग ज्ञानू आला. तो विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींच्या तारा भरतो, पंप दुरुस्त करतो. हात चांगला आहे त्याचा, पण माझ्या वाटेला कधी गेला नव्हता. शिडीवरून त्यानं मला उलटंपालटं करून बघितलं.

“आबा, ह्याला रिसेट मारला पायजे. मोबाईल हँग झाला की मारतो न्हवं आपण, तसा. टाचणी हाय का?”

नाथाजी अंगणात गेले. मनुबाईंच्या बांगडीला सेफ्टी पिन अडकवलेली असते. बाईंनी ती आपल्या हातानं सोडवायचा प्रयत्न केला, जमेना, तर हातच पुढं केला. आता बरं होणार असं त्यांना वाटत होतं. त्या पिननं ज्ञानूनं माझ्या पोटातलं बारीक बटण दाबून धरलं.

माझं नाव गेलं. भावाची ओळख गेली, पासवर्ड गेला. ऋषिराजनं सोप्यात बसून मला शिकवलेलं सगळं पुसलं. मनात आठवण आहे, पण अंगात काही नाही. दिवा नारिंगी झाला तो तसाच राहिला. ज्ञानूनं ॲप उघडलं, तर जाळ्यात घ्यायला पासवर्ड मागू लागलं. तो खाली उतरून म्हणाला, “आतनं जळालाय डबा. नवीनच घ्यावा लागंल.” नाथाजींनी रस्त्यावर जाऊन लेकाला डबा जळाल्याचं तेवढं सांगितलं; पासवर्डाचं ज्ञानू त्यांना बोललाच नव्हता. त्याची तुकडी वर बर्फात निघाली होती. “आल्यावर बघतो आबा,” म्हणाला. मनुबाईंना हे सांगायचा नाथाजींना धीर झाला नाही. “रेंज यील उद्या,” एवढंच ते म्हणत राहिले.

हंगाम सरता सरता साखर कारखान्याची ऊसतोड टोळी आली. कोयते चालले आणि भिंत कोसळू लागली. मनुबाई अंगणात बसून बघत होत्या. दुपार कलायच्या आत भाऊसोंचं छप्पर दिसलं, पांढरा ठिपका दिसला. ‘रस्ता’ हाका मारत होता, खणखणीत, मधे काही अडथळा नाही. पण ओळख पटवायला माझ्याजवळ काही नव्हतं. मनुबाईंनी कुंकवाचा करंडा मागितला आणि मोबाईलसाठी हात पसरला.

आणि दैव असं की त्याच दिवशी भाऊसोंना एक युक्ती सुचली होती. ऋषिराज बर्फातून खाली आला होता. त्यांनी त्याला सांगितलं, “तुजं बोलणं व्हिडिओ करून मोबाईलमदी भरून पाठीव, नाथाजी घरी नेऊन दावतील.” त्यानं पाठवलं. नाथाजी धावतच रान ओलांडून आले आणि हे भरलेलं बोलणं आहे हे न सांगताच बाईंच्या मांडीवर फोन ठेवला.

ऋषिराज दिसला. स्वच्छ, न तुटता. मनुबाईंचा चेहरा असा फुलला की वाकडेपणा दिसेना. ऊस गेला आणि लेक आला, त्यांचं गणित खरं ठरलं होतं.

“आई, जेवलीस का?” तो म्हणाला. त्यांनी बोटं वर केली.

तो थांबला नाही. “औषध घेतीस ना येळेवर?” त्यांनी बोटं आणखी वर केली, काचेजवळ नेली. तो थंडीबद्दल बोलत होता. त्यांनी हात हलवला. तो पगाराबद्दल, सुट्टीबद्दल, कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत राहिला. “बरं, ठेवतो,” म्हणाला आणि गेला.

“बघितलंस न्हवं?” नाथाजी डोळे पुसत म्हणाले. “कसा साफ दिसला!”

मनुबाईंनी फोन पालथा घातला.

आता त्या कुंकू लावायला करंडा मागत नाहीत. नाथाजी रोज नवं भरून आलेलं बोलणं आणून लावतात आणि त्या डोळे मिटून घेतात. काल त्यांनी खूण करून खाट फिरवून घेतली, तोंड भिंतीकडं. नाथाजी म्हणतात, उन्हाचा त्रास होतो तिला. खाली खोडव्याला पहिलं पाणी सोडलंय.

मी अजून छपरावरच आहे, नारिंगी दिवा घेऊन. उद्या भंगारात घातलं तरी माझी तक्रार नाही, मी तेवढ्याच लायकीचा उरलोय. माझं एकच मागणं आहे, आणि ते पोचवायला माझ्याकडे आवाज नाही. तुमच्यापैकी कुणी त्या रस्त्यानं गेलात, तर भाऊसोंच्या घरापाशी गाडी थांबवा आणि रान ओलांडून खाली या. त्या बाईच्या कानाशी बसून सांगा, की त्या दिवशी तुमचा लेक तुमच्याकडं दुर्लक्ष करत नव्हता. त्याला तुम्ही दिसतच नव्हता.