डावखुरा व्हॉल्व्ह

वैशंपायन साहेबांनी फाईल मिटली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मेघनाला म्हणाले, "शुक्रवारी मी सिद्धेशच्या कंपनीच्या नावावर सही करतोय. तुम्हाला काही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा."

आता आली का पंचाईत! म्हणायचं तर खूप होतं, पण साहेबांसमोर म्हणणार कोण? त्र्यंबक वैशंपायन म्हणजे खाडीकाठ पाणीपुरवठा मंडळाचे कार्यकारी अभियंता. मंडळ ना मोठं ना लहान, पन्नासएक हजार नळ, माजिवड्याला दोन मजली ऑफिस. या मंडळाचे पंप, पाइप, व्हॉल्व्ह कुठे आहेत, किती जुने आहेत, कधी दुरुस्त झाले, हे सगळं एकदाचं सॉफ्टवेअरमध्ये घालायचं ठरलं होतं. चाळणीतून दोन कंपन्या उरल्या होत्या आणि त्यांची तुलना करायचं काम उपअभियंता मेघनाच्या गळ्यात पडलं होतं.

सिद्धेशच्या सॉफ्टवेअरला नावं ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर लावलं की अख्खं मंडळ निळ्या-हिरव्या रेघांत असं झळकायचं की साहेब खुर्चीत पुढे सरकून बसायचे. दुसरी कंपनी कादंबरी नावाच्या मुलीची. तिचं सॉफ्टवेअर दिसायला अगदीच बापुडवाणं. एक फोटो, एक नकाशा आणि खाली आवाज भरायला-ऐकायला माइकचं बटण, बस्स.

"सर, मला कादंबरीचं बरं वाटतं," मेघना म्हणाली.

"वाटतं? मेघना, तुमच्या वाटण्यावर मी सही करू?"

बरोबरच होतं त्यांचं, आणि म्हणूनच तिला जास्त राग आला. कारण तिला जे वाटत होतं त्याचं नाव जगन होतं. जगनदादा म्हणजे दिवा गावाकडचा व्हॉल्व्हमन. रोज ठरल्या वेळी चाव्या फिरवून या गल्लीचं पाणी त्या गल्लीला सोडणारा माणूस. नोकरीची बत्तीस वर्षं झाली आणि आता अठरा दिवसांनी रिटायर. मंडळाचे जुने नकाशे म्हणजे निव्वळ थापा. रस्ते रुंद झाले, चाळींच्या बिल्डिंगा झाल्या, व्हॉल्व्ह मात्र होते तिथेच, कुठे डांबराखाली तर कुठे टपरीखाली. असे दोनशे वीस व्हॉल्व्ह फक्त जगनदादाच्या डोक्यात होते. ते डोकं सॉफ्टवेअरमध्ये उतरलं नाही, तर पुढच्या वेळी पाइप फुटला की मंडळ दिवसभर रस्ता खणत बसणार आणि दिवा गाव दोन दिवस कोरडं राहणार. एवढी साधी गोष्ट होती, पण ती निळ्या-हिरव्या रेघांत कुठे दिसत नव्हती.

त्यात जगनदादाही काही कमी नव्हता! ट्रायलसाठी दोन्ही कंपन्यांना त्याने नऊ-नऊ व्हॉल्व्ह सांगितले, तेच नऊ दोघांना, आणि हात झटकले.

"बाकीचे?" मेघनाने विचारलं होतं.

"बत्तीस वर्षांत कुणी विचारलं नाय म्याडम. आता मशीनला सांगू? मशीन काय ऐकतंय? नऊ दिले, बघा त्यांचं काय व्हतंय ते."

हे सगळं आठवून मेघनाचं डोकं तापलं आणि तापलेल्या डोक्याने ती बोलून गेली, "सर, शुक्रवारच्या आधी एक परीक्षा घेऊ. या नवांतला एक व्हॉल्व्ह. फक्त सॉफ्टवेअर बघून शोधायचा, बंद करायचा आणि पुन्हा सोडायचा. प्रत्येकी पाऊण तास. जगनदादाने तोंड उघडायचं नाही. शोधणारा माणूस असा हवा की ज्याला त्या भागातलं काही म्हणजे काही माहीत नाही."

"ठीक आहे. असा माणूस कुठून आणणार?"

"तुम्ही, सर."

साहेब अकरा वर्षांत साइटवर गेले नव्हते हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते तोंडावर सांगणारी ही पहिलीच. आता बदलीच, मेघनाच्या मनात आलं. साहेबांनी चष्मा परत चढवला आणि म्हणाले, "गुरुवारी सकाळी सात. पाणी कधी असतं तिकडे?"

गुरुवारी सातला दिवा-शीळ रस्त्यावर वरात जमली. साहेब इस्त्रीच्या शर्टात, सिद्धेश टॅब घेऊन, कादंबरी साध्या फोनसह, आणि समोरच्या चहाच्या टपरीवर हाताची घडी घालून जगनदादा. व्हॉल्व्ह बंद झाला की नाही हे सांगायचं काम केशरबाईंकडे होतं. पलीकडच्या चाळीत त्यांचा नळ याच व्हॉल्व्हवर होता. मेघनाने फोन स्पीकरवर ठेवला.

"ऐका गं," केशरबाई फोनमधून कडाडल्या, "माझे तीन हंडे भरलेत, चार बाकी आहेत. पाणी घालवायचं तर घालवा, पण पाच मिनिटांत परत पाहिजे. नाहीतर ऑफिसात येऊन बसेन!"

पहिली पाळी सिद्धेशची. टॅबवर ठळक निळा ठिपका आला. व्यास अमुक, धातू तमुक, बसवल्याचं वर्ष सुद्धा. साहेब खुशीत ठिपक्याकडे चालू लागले. ठिपका रस्त्याच्या मधोमध होता. तिथे डांबर होतं, दुसरं काही नव्हतं. साहेब दहा पावलं पुढे गेले, दहा मागे आले. एका टेम्पोवाल्याने कचकचून हॉर्न दिला, रिक्षावाल्याने "काका, मरायचंय काय?" असं आपुलकीने विचारलं. गटाराचं एक झाकण उघडून झालं, केबलवाल्यांचं एक उघडून झालं. पाऊण तास संपला तेव्हा शर्टाची इस्त्री गेली होती आणि केशरबाईंचे चारही हंडे भरले होते.

"सर, सॉफ्टवेअरचा दोष नाही," सिद्धेश कसनुसा म्हणाला. "तुमचे नकाशेच चुकीचे आहेत."

"पण जगनने तुम्हालाही सांगितलं होतं ना?" साहेबांनी विचारलं.

आता टपरीवरच्या जगनदादाला राहवेना. "सांगितलं व्हतं साहेब! उभं राहून दाखवलं व्हतं. ह्यांच्या पोरानं विचारलं, बसवलं कुठल्या साली? म्हटलं, म्हायीत नाय, माझ्या आधीचाय. तो म्हणाला, मंग सेव्ह होत नाय. वर्ष टाकल्याबिगर पुढंच जात नाय. मंग त्यानं नकाशात बघून भरलं सगळं."

साहेब सिद्धेशकडे वळले. "म्हणजे माणूस जागेवर उभं राहून सांगत होता, आणि तुमचं यंत्र त्याला म्हणत होतं, आधी साल सांग?"

"हो, सर," सिद्धेश म्हणाला. खोटं बोलला नाही पोरगा, एवढं त्याचं मान्य करायला हवं.

कादंबरीने फोन साहेबांच्या हातात दिला. वर्षाचा रकाना रिकामा, धातूचा रिकामा. एक फोटो होता, झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीचा. साहेबांनी माइकच्या बटणावर बोट ठेवलं आणि भर रस्त्यात जगनदादाचा आवाज घुमला:

"झेरॉक्सच्या दुकानाला पाठ लावून उभं राहा. पिंपळाकडं तोंड करून सात पावलं चाला. नवीन लाद्यांखाली झाकण हाय, तिसरी लादी हलते ती उचला."

साहेब दुकानाला पाठ लावून उभे राहिले. सात पावलं मोजली, अगदी मोठ्याने. तिसरी लादी खरंच हलत होती. लादीखाली झाकण, झाकणाखाली चेंबर, आणि चेंबरमध्ये गंजलेला, ओला, साक्षात व्हॉल्व्ह!

"सापडला!" साहेब ओरडले. मेघनाने सहा वर्षांत त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

त्यांनी लांब दांड्याची चावी घातली, बाह्या सरसावल्या आणि उजवीकडे जोर लावला. ढिम्म. आणखी जोर लावला, तोंड लाल झालं. मेघनाचा जीव वरखाली होऊ लागला. असाच जोर लावला तर आतला दांडा तुटणार आणि सगळंच मुसळ केरात. पण सांगायचं नाही असं तिनेच ठरवलं होतं. टपरीवर जगनदादाने ग्लास खाली ठेवला आणि तोंडावर हात दाबून धरला.

"सर, नोंद पुढेही आहे," कादंबरी हळूच म्हणाली. साहेबांनी पुन्हा बटण दाबलं.

"आणि ऐका. हा व्हॉल्व्ह डावखुरा हाय. बहुतेक उजवीकडं बंद व्हतात, हा डावीकडं. उजवीकडं जोर लावाल तर मोडाल. डावीकडं एकवीस फेरे. घाई नको."

साहेबांनी हात सोडले, पाय बदलले आणि डावीकडे फिरवलं. चावी करकरली आणि फिरली. एक, दोन, तीन... टेम्पोवाला थांबून मोजू लागला, झेरॉक्सवाला बाहेर आला. एकविसाव्या फेऱ्याला चावी अडली.

"गेलं!" फोनमधून केशरबाई किंचाळल्या. "अगं, गेलं की पाणी! एकदम गेलं! आता सोडा लवकर, धुणं बाकी आहे!"

रस्त्यावर टाळ्या पडल्या. तेरा मिनिटं लागली होती. घामाने निथळणारे वैशंपायन साहेब उजवीकडे एकवीस फेरे देऊन पाणी सोडत होते आणि स्वतःशीच हसत होते. मेघनाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलंही नाही, इतका तिला आनंद झाला होता.

"आलं!" केशरबाईंनी निकाल दिला. "शाबास हो!"

"उद्या कादंबरीच्या कंपनीच्या नावावर सही करतो," साहेब धापा टाकत म्हणाले. "मेघना, जगनच्या अशा किती नोंदी झाल्या?"

"नऊ, सर."

"उरल्या?"

"दोनशे अकरा. आणि दिवस सोळा."

सगळे टपरीकडे बघू लागले. जगनदादा उठून आला आणि कादंबरीसमोर उभा राहिला.

"परत लाव जरा."

तिने लावलं. डावखुरा हाय, डावीकडं एकवीस फेरे, घाई नको. जगनदादा मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"साहेबांनी ऐकलं की माझं," तो म्हणाला. "जसं सांगितलं तसं केलं." मग एकदम घसा खाकरून त्याने विचारलं, "दिवसाला चौदा झाले तर बसतात नाय म्याडम?"

"बसतात, दादा. उद्या सकाळी सुरू करू?"

"उद्या कशाला? दहावा इथून दोनशे पावलांवर हाय, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीमागं. तोपण डावखुराच." तो चालूही लागला. साहेब चावी त्याला द्यायला पुढे झाले, तसा तो मागे न बघताच म्हणाला, "ऱ्हाऊ दे साहेब, तुमच्याकडंच. तुम्हाला आता जमतंय."