डमीचा उजवा खांदा

मी डमी बोलतेय. शिवणकामाच्या खोलीत धडापुरती एक बाई उभी असते ना, जिच्या अंगावर कपडे चढवून बघतात, ती मी. मला डोकं नाही, हात नाहीत, पाय म्हणून एक लाकडी दांडा आहे. लाज मात्र भरपूर मिळाली. तोंड लपवावं म्हटलं तर तोंडच नाही, हीच काय ती अडचण.

माझा जन्म एका तयार कपड्यांच्या कारखान्यातला. कागदाच्या लगद्याचे थर, वरून जाड कापड आणि मानेखाली शिक्का: 'मध्यम'. तिथे माझ्या मापावर ढिगानं कपडे निघायचे आणि गाड्या भरभरून जायचे. मला वाटायचं, बायका अशाच असतात, माझ्यासारख्या. ज्या नसतात त्यांनी व्हायला हवं. खोटं कशाला बोलू, मी नाकानं कांदे सोलत होते.

मग कारखाना बंद पडला आणि मोडक्या खुर्च्यांबरोबर मीही अंगणात पडले. तिथून एका काटकुळ्या मुलीनं मला उचललं, कमरेला मिठी मारून सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत चढवलं आणि धापा टाकत म्हणाली, "बाई गं, जड आहेस!" कुणी मला असं बोलल्याची ती पहिलीच वेळ. मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

ती मुलगी स्वतःच कपडे योजते, स्वतःच बेतते, स्वतःच शिवते. सगळे तिला टाचणी म्हणतात, कारण तिच्या ओठांत कायम दोन-चार टाचण्या असतात आणि ती त्यांच्या फटीतूनच बोलते. तिच्याकडे एका नमुन्याचा एकच कपडा. दुसरा मागितला तर म्हणते, "तो झाला. आता तुमचा वेगळा करू."

तिच्या दारावर पाटी नाही. एकीनं दुसरीला सांगायचं, दुसरीनं जिना शोधत यायचं. आणि येऊन काय म्हणायचं? "मला ना, काहीतरी वेगळं हवंय. सगळ्यांसारखं नको." टाचणी कापड काढते, रंग दाखवते. बाई खूश होते, आरशात बघते आणि हळूच विचारते, "पण हे जरा जास्तच वेगळं नाही ना दिसत?" माणसांची ही गंमत मी रोज बघते. वेगळं हवं असतं, पण लोकांनी हो म्हटलेलं वेगळं.

अशाच एका दुपारी एक मुलगी आपल्या आईला घेऊन आली. मुलगी आमच्याकडची जुनी गिऱ्हाईक. दुकानातला कपडा अंगाला लावणार नाही, कुठल्या गल्लीत कोण नवीन माणूस काय शिवतोय ते हिला आधी ठाऊक. तिचं लग्न ठरलं होतं. कचेरीत सह्या, मग एका हॉलमध्ये जेवण आणि फोटो. आईसाठी लांब कोट हवा होता.

आई टपाल खात्यातून निवृत्त झालेली. सगळी नोकरी पिशवी उजव्या खांद्यावर टाकून दारोदार फिरण्यात गेली. ती दारातच घुटमळली, चपला नीट ओळीत लावल्या आणि माझ्याकडे बघून उगाचच जरा हसली. हिला तोंड नाही हे लक्षात आल्यावर ओशाळली.

"मावशी, रंग कोणता आवडतो तुम्हाला?" टाचणीनं विचारलं.

आईनं लेकीकडे बघितलं. इतकी वर्षं खात्याचा गणवेश घातलेल्या बाईला कुणी हा प्रश्न कशाला विचारला असेल! लेक म्हणाली, "राखी करू ताई. तिच्या वयाला शोभेल."

कोट झाला. माझ्या अंगावर तर असा बसला की मला माझाच हेवा वाटला. मग आईच्या अंगावर चढवला. गळा एका बाजूला घसरला, कॉलर मानेपासून सुटून उभी राहिली, खालचा काठ उजवीकडे लोंबायला लागला. टाचणी इकडे ओढते, तिकडे टाचते, पण छे!

"आई, सरळ उभी राहा ना!" लेक वैतागली. खोलीत आणखी दोन गिऱ्हाइकं होती. त्यांनीही मान वळवून बघितलं.

"सरळच उभी आहे गं," आई म्हणाली.

आई कोटाची बटणं काढायला लागली. "तुमचं चांगलं कापड वाया गेलं हो माझ्यापायी," असं टाचणीला म्हणाली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, तसं झालं. कोट बसेना, तर बाई वाकडी! आणि माफी कोणी मागायची, तर तिनंच.

लेकीनंच मग तोड काढली. उजव्या खांद्यात एक जाड पॅड घालायचं. टाचणीनं घातलं. खांदे एका रेषेत आले. आई श्वास धरून उभी राहिली, हात अंगाला चिकटवून, कारण जरा हलली की पॅड सरकत होतं. लेक टाळी वाजवून माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली, "बघ, आता कशी हिच्यासारखी दिसतेस!"

आणि मी सुखावले. एका क्षणापुरती का होईना, पण सुखावले. आता आठवलं की धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं होतं.

दोन दिवसांनी आई एकटीच आली. राखी कोट घडी करून परत आणला होता.

"पोरी, हा ठेव तुझ्याकडे. दुसऱ्या कुणाला होईल. आणि हे लेकीला सांगू नकोस, पण मी जाणारच नाहीये. त्या दिवशी सकाळी मला ताप येणार आहे."

टाचणीच्या ओठांतल्या टाचण्या खाली पडल्या. "मावशी! लेकीच्या लग्नाला?"

"तिची सासरची माणसं कशी टापटीप. फोटोत मी अशी दिसणार. तो फोटो तिला जन्मभर भिंतीवर लावायचाय. मी कुठे गेले तर जेवण बिघडवत नाही, काही नाही. पण फोटो मात्र बिघडवते." हे सगळं ती हसत हसत सांगत होती. आमच्याकडे कितीतरी जणी येऊन रडून गेल्यात. पण हसत सांगणारी ही पहिलीच.

टाचणी खाली वाकून टाचण्या वेचत राहिली. मग म्हणाली, "मावशी, ताप येऊ दे. पण त्याआधी एक कोट माझ्यासाठी करून बघू द्या. लेकीला विचारायचं नाही. रंग तुम्ही सांगायचा."

आई कापडांच्या गठ्ठ्यापाशी बराच वेळ बसली. हात पुढे न्यायची, मागे घ्यायची. शेवटी एक पिवळं कापड ओढलं, पिकल्या लिंबाचा रंग असतो तसलं. "हे जरा भडक आहे ना?" म्हणाली, पण सोडलं नाही. शिवाय खिसे हवेत, खोल, दोन्ही बाजूंना. पिशवीमुळे हात कधी खिशात घालताच आला नाही म्हणे. सांगता सांगता तिचा आवाज मोकळा झाला होता.

टाचणीनं या वेळी तिची मापं निराळीच घेतली. डावा खांदा वेगळा, उजवा वेगळा, मानेपासून वेगळं, जमिनीपासून वेगळं. मग आई गेली आणि टाचणी माझ्याकडे वळली.

खालच्या सायकलवाल्याकडून तिनं करवत आणली होती. मला वाटलं, खिडकीचं काही काम असेल. तिनं माझ्या उजव्या खांद्यावर खडूनं रेघ मारली, कापड उसवलं आणि करवत लावली. दुखत नाही मला, पण माझा तो घडीव खांदा भुशासारखा जमिनीवर पडत होता! मापाची मध्यम बाई मी, त्याच्या जोरावर एवढी मिजास केलेली. डाव्या खांद्यावर तिनं कापूस भरून उंची आणली, मान कलती केली, उजवीकडे टपालाच्या पिशवीचा पट्टा रुततो त्या जागी कानशीनं खळगा केला. वरून कापड डिंकानं चिकटवलं. मी आरशात बघितलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डिंक सुकायला टाचणीनं मला खिडकीत उन्हात ठेवलं आणि धागा आणायला बाहेर गेली. एवढीच तिची चूक. तिच्या दृष्टीनं मी म्हणजे सुकत घातलेलं काम होतं.

खालून कॉलेजच्या पोरापोरींची टोळी चालली होती. एकानं वर बघितलं. "ए, ती बघ! कशी वाकडी!" दुसरी म्हणाली, "हिला कोण लग्नाला बोलावणार!" त्यातल्या एकानं खांदा पाडून, मान कलती करून रस्त्यावर माझी नक्कल केली आणि सगळे पोट धरून हसले. लाजेनं मी अर्धी झाले. माझं हसं होतंय, एवढंच मला कळत होतं.

मग रस्त्याच्या पलीकडे मला ती दिसली. आई. पुन्हा माप द्यायला येत होती. ती थांबली होती. तिनं नकला करणाऱ्या त्या पोराकडे बघितलं, मग वर माझ्याकडे. आणि तिनं तो खांदा ओळखला. आपलाच खांदा माणूस कसा ओळखणार नाही?

तेव्हा मला कळलं की हसं माझं होत नव्हतं. मी तिचं अंग घेऊन खिडकीत उभी होते, आणि तिच्यादेखत तिचं हसं करून घेत होते.

ती वर आली नाही. आली ती पुढच्या आठवड्यात, कोट तयार झाल्यावर. पिवळा कोट तिनं घातला. काय सांगू! कॉलर मानेला टेकली, काठ एका रेषेत आला, खांद्यावर एक सुरकुती नाही. तिनं दोन्ही हात खिशात घातले आणि एक गिरकी घेतली, अगदी छोटी. टाचणीचे डोळे भरून आले. आईनं तिच्या गालावरून हात फिरवला.

"सुरेख झालाय गं पोरी. असा कपडा मी कधी घातला नाही." मग तिनं तो काढला आणि माझ्या अंगावर चढवून बटणं लावली. "पण ताप मात्र मला येणार."

टाचणीला काही कळेना. काय चुकलं, म्हणून ती किती वेळ कोट उलटा-सुलटा करून बघत राहिली. चूक कोटात नव्हती. मला ठाऊक होतं, आणि मला सांगता येत नव्हतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी टाचणीला राहवेना. तिनं लेकीला फोन लावला. "तुझ्या आईला ताप नाही आलेला. कोट इथेच आहे. तू ये."

लेक नटून-सजून, धापा टाकत आली. "पिवळा? मी राखी म्हटलं होतं ना?"

"तो तुला आवडला होता. हा तिनं निवडलाय."

लेकीनं कोट माझ्या अंगावरून काढला आणि थबकली. "हिचा खांदा असा कसा झाला?"

"तुझ्या आईचा आहे तो," टाचणी म्हणाली.

ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग काय मनात आलं कोण जाणे, तिनं तो कोट आपल्याच साडीवर चढवला. कसा बसणार? घसरला, फुगला, लोंबला. तिनं उजवा खांदा खाली सोडला. आणखी सोडला. मान कलती केली. कोट बसला. ती आरशासमोर तशीच उभी राहिली, आणि तिला रडू फुटलं.

"ताई, मी तिला सगळ्यांसमोर सरळ उभी राहा म्हणाले. मला लाज वाटत होती तिची. खरंच वाटत होती." एवढं बोलून ती तशीच, कोटासकट, जिना उतरून गेली.

मी खिडकीपाशी उघडी उभी. जीव टांगणीला लागला होता.

बऱ्याच वेळानं खाली टॅक्सी थांबली. आई उतरली. पिवळ्या कोटात! लेक आत बसून ओरडत होती, "आई, उशीर होतोय गं!" पण आई जिना चढून वर आली.

टाचणी बघतच राहिली. "मावशी, ताप?"

"कसला ताप घेऊन बसलीस! ही कोट घालून, खांदा पाडून, माझ्या दारात उभी. म्हणते, तू नाही आलीस तर मी दिवसभर अशीच उभी राहणार, अशीच सह्या करणार, असेच फोटो काढणार. आता हिला एकटीला तशी पाठवू का लोकांत? हसतील ना माझ्या पोरीला!"

मग ती माझ्याकडे आली. आपल्या गळ्यातली शाल काढून तिनं माझ्या दोन्ही खांद्यांवरून घेतली. उजवीकडून घसरायला लागली, तशी टाचणीच्या ओठांतली एक टाचणी उपटून तिनं ती जागच्या जागी बसवली.

"उघडी कशाला उभी करतेस गं हिला खिडकीत?" ती टाचणीला रागावली. "बाईमाणूस आहे."

आणि खिशात हात घालून गेली.

मी आजही त्याच खोलीत आहे. टाचणीनं माझा खांदा पुन्हा भरला नाही. गिऱ्हाईक येईल तसा कापूस लावते, काढते. मी कधी हिच्या मापाची होते, कधी तिच्या. 'मध्यम' हा शिक्का केव्हाच पुसला गेला. मिजास गेली, लाज थोडी उरली आहे, आणि ती जावी असं मला वाटतही नाही.

शाल माझ्यापाशीच असते, पण काम असलं की काढावी लागते. तेवढ्या वेळात तुम्ही या रस्त्यानं गेलात आणि वर नजर गेली, तर बघा खुशाल. फक्त हसू नका. ती बाई अजून याच रस्त्यानं येते-जाते.